‘पोरीला डीएमएलटीला घालू का?’

बारावीचा निकाल लागला की लॅबच्या खिडकीवर रक्त द्यायला न आलेली माणसंही दिसू लागतात. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स, शेजारी गप्प उभी पोरगी, आणि वडील जरा आवाज खाली करून विचारतात, “मॅडम, हिला बायोलॉजी हाय. नीटला मार्क कमी पडलं. डीएमएलटीला घालू का? नोकरी लागतीया म्हणत्यात.”

डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, आणि कोल्हापुरात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. इथं सीपीआर आहे, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, आणि त्याला जोडलेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कदमवाडीत डी. वाय. पाटील हॉस्पिटल आहे. राजारामपुरी-शाहूपुरीत गल्लोगल्ली लॅबच्या पाट्या आहेत. चंदगड असो की गगनबावडा, मोठ्या तपासणीसाठी माणूस शेवटी इथंच येतो. काम आहे, हे खरं. पण मागं पाच जणांची रांग उभी असताना त्या वडिलांना दोन मिनिटांत जे सांगता येत नाही, ते इथं लिहिते आहे. मी या कामात वीसहून जास्त वर्षं आहे आणि आता नव्या पोरांना शिकवतेही.

बाहेरून बघणाऱ्याला हे काम तीन पायऱ्यांचं वाटतं. रक्त काढलं, मशीनला लावलं, कागद छापला. एवढंच असतं तर महिन्याभरात कुणीही शिकलं असतं. आकडा मशीन देतं. तो आकडा त्या पेशंटचा आहे, की ट्यूबचा, की उशिराचा, की बिघडलेल्या मशीनचा, हे ओळखायला मात्र शिकावं लागतं. या शिक्षणाची सगळी वर्षं त्यातच जातात.

अडतीस हजार पेशी

पावसाळा सुरू झाला आणि तापाची साथ आली की एकच प्रश्न ऐकू येतो, “पेशी किती आल्या?” आपल्याकडे पेशी म्हणजे प्लेटलेट. निरोगी माणसात त्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दीड ते साडेचार लाख असतात. डेंग्यूत त्या उतरतात, आणि मग हॉस्पिटलच्या दारात नातेवाईक एकमेकांना आकडे सांगत उभे राहतात.

अशाच एका पावसाळ्यात तापातून उठलेल्या एका तरुणाचा आकडा आला ३८,०००. घरचे हादरले, प्लेटलेटची पिशवी कुठं मिळेल म्हणून फोन सुरू झाले. पोराच्या अंगावर लाल ठिपका नव्हता, हिरड्यांतून रक्त नव्हतं, आदल्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी केलेला आकडा व्यवस्थित होता. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण थांबून बघायला एवढं पुरेसं होतं.

इथं मशीन कसं मोजतं ते समजून घ्या. वॉलेस कोल्टर या अमेरिकी माणसानं १९५३ साली ज्या युक्तीचं पेटंट घेतलं, तीच युक्ती आजही बहुतेक काउंटरमध्ये आहे. पातळ केलेलं रक्त एका बारीक छिद्रातून ओढतात आणि त्या छिद्रातून विजेचा प्रवाह चालू ठेवतात. एक पेशी आत शिरली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो. अडथळे किती, तेवढ्या पेशी. अडथळा केवढा, तेवढा पेशीचा आकार. छोटा अडथळा म्हणजे प्लेटलेट, मोठा म्हणजे तांबडी पेशी. आता दहा-वीस प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठा झाला तर? मशीनला तो एकच मोठा दाणा दिसतो. प्लेटलेटच्या हिशेबात तो धरलाच जात नाही.

त्या दिवशी बेंचवर शिकाऊ मुलगी होती. तिनं आधी ट्यूब तिरकी करून आत गुठळी नाही ना ते काडीनं तपासलं. मग काचेवर रक्ताचा थेंब घेऊन दुसऱ्या काचेनं तो ओढला, लिशमन स्टेननं रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. स्मिअर, म्हणजे काचेवर ओढलेला रक्ताचा पातळ थर, जिथं पिसासारखा होत संपतो, त्या टोकाला जांभळ्या ठिपक्यांचे घोसच्या घोस लागलेले. प्लेटलेट भरपूर होत्या, फक्त चिकटलेल्या होत्या.

कारण होतं जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए. रक्त गोठू नये म्हणून ते घातलेलं असतं. काही थोड्या लोकांच्या रक्तात असं प्रतिद्रव्य असतं की ईडीटीएच्या सोबतीत ते प्लेटलेटना एकमेकींना चिकटवतं. हे सगळं ट्यूबमध्ये होतं, शरीरात काहीही झालेलं नसतं. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त पुन्हा घेतलं. आकडा आला १,६०,०००. सायट्रेट ट्यूबमध्ये नऊ भाग रक्ताला एक भाग औषधाचं पाणी असतं, म्हणून १.१ नं गुणायचं. १,७६,०००. फोन थांबले.

डेंग्यूत उतरलेला आकडा बहुतेक वेळा खराच असतो, हे इथं ठासून सांगते. ही गोष्ट वाचून कुणी खऱ्या रिपोर्टकडे दुर्लक्ष करू नये. पण खरा कोणता आणि ट्यूबनं बनवलेला कोणता, हे त्या एकोणीस वर्षांच्या मुलीला कळलं, कारण तिनं दोन वर्षांत शेकडो स्मिअर हातानं ओढले होते.

कोर्स कोणता, किती वर्षांचा

नावांचा घोळ मोठा आहे. डीएमएलटी म्हणजे डिप्लोमा. बीएमएलटी किंवा बी.एस्सी. एमएलटी म्हणजे पदवी. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हाही पदवीचाच कोर्स आहे, तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यात लॅब टेक्निशियनची शाखा आहे. बारावी सायन्सला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी असलं की या वाटा उघडतात. बी.एस्सी. आधीच झालेली असेल तर त्यावर एक वर्षाचा डिप्लोमाही करतात.

नाव काय यापेक्षा तास किती हे बघा. २०२१ साली केंद्रानं संबद्ध आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, आणि मेडिकल लॅबोरेटरी हा त्यातला एक विभाग आहे. डिप्लोमा असेल तर दोन ते चार वर्षांत मिळून किमान २,००० तास, आणि पदवी असेल तर तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तास, असा हिशेब त्या कायद्यानं घालून दिला आहे. आता कुणी तुम्हाला “सहा महिन्यांत डीएमएलटी, नोकरीची हमी” असं सांगितलं तर पाटीवर गणित मांडा. रोज सहा तास, एकही सुट्टी न घेता १८० दिवस. १,०८० तास होतात. निम्म्याच्या जरा वर. अशा कागदावर महाराष्ट्र पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी मिळाली नाही तर दोष पोरीच्या नशिबाला द्यायचा नाही. फी भरण्याआधी कोर्स कोणत्या विद्यापीठाचा किंवा मंडळाचा, आणि इथून बाहेर पडलेल्यांची कौन्सिलकडं नोंदणी झाली का, हे दोन प्रश्न लेखी विचारा. उत्तर द्यायला जिथं चालढकल होते तिथून उठून या.

एक स्वप्न मात्र आधीच नीट समजून घ्यावं. “शिकून झालं की गावात स्वतःची लॅब टाकंल की,” असं बरेच पालक म्हणतात. रक्त, लघवी, तुकडा तपासून रिपोर्टवर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचाच, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं आहे. टेक्निशियन तपासणी करते, पॅथॉलॉजिस्ट तिचा अर्थ लावून सही करतो. मला यात कमीपणा कधीच वाटला नाही. पॅथॉलॉजिस्टच्या हातात जे येतं ते आधी माझ्या हातून गेलेलं असतं, आणि मी चुकले तर त्यांच्या सहीलाही अर्थ राहत नाही.

झाकणांचे रंग

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, बायोकेमिस्ट्री ही पुस्तकी बाजू असते. त्याबद्दल फार लिहीत नाही, बारावीचा अभ्यास नीट केलेल्याला ते जड जात नाही. खरी परीक्षा सुरू होते ती कलेक्शनच्या टेबलावर.

जांभळं, निळं, लाल, पिवळं, हिरवं, करडं. प्रत्येक झाकणाखाली वेगळं औषध आहे किंवा मुद्दाम काहीच नाही. ट्यूब भरायचा क्रमसुद्धा ठरलेला असतो. आधी निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी, शेवटी करडी. नवी पोरं हा क्रम पाढ्यासारखा म्हणतात, पण त्यामागचं कारण मी एकदाच शिकले आणि ते जन्मात विसरणार नाही.

शिकत असताना एका हॉस्पिटलमध्ये माझी ड्युटी होती. एका आजोबांची शीर सापडत नव्हती, लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं, जांभळीत मात्र भरपूर होतं. पुन्हा सुई टोचायला जीव होईना, म्हणून मी जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं. कुणाला सांगितलं नाही. तासाभरानं बायोकेमिस्ट्रीच्या सरांनी मला बोलावलं. पोटॅशियम ११, कॅल्शियम जवळजवळ तळाला. पोटॅशियम ३.५ ते ५ च्या आसपास असतं. ११ असलेल्या माणसाचं हृदय चालणं अवघड, आणि आजोबा बाहेर बाकावर नातवाशी बोलत बसले होते. सरांनी शांतपणे विचारलं, “ट्यूब कोणत्या क्रमानं भरलीस?” आणि मी खरं सांगितलं.

जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं आणि ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणूनच रक्त गोठत नाही. त्यातलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये गेलं की पोटॅशियम खोटं चढतं आणि कॅल्शियम खोटं उतरतं. त्या दिवशी आकडा अशक्यच होता म्हणून पकडला गेला. दोनच थेंब गेले असते आणि ५.९ आला असता, तर तो खरा समजून आजोबांना औषध दिलं गेलं असतं. मी त्यांची माफी मागितली आणि रक्त पुन्हा घेतलं. “घे बाळ, अजून हाय अंगात,” एवढंच ते म्हणाले.

लॅबच्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचण्याआधीच झालेल्या असतात. दंडाला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला, पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली, ट्यूब हळू उलटी-पालटी करायची ती जोरात हलवली, तर पेशी फुटतात किंवा आतली द्रव्यं बाहेर येतात आणि आकडे सरकतात. रात्री दोन भावांची नावं एकाच आडनावाची असतील आणि लेबल पेशंटसमोर न लावता टेबलावर येऊन लावलं, तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जातं. त्याला कोणतंही मशीन पकडत नाही.

आपल्या जिल्ह्यात अंतरांचाही हिशेब येतो. घाटाकडच्या गावातून सकाळी काढलेलं सॅम्पल कोल्हापुरात पोचेपर्यंत दुपार होते. साध्या ट्यूबमध्ये तांबड्या पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात, तासाला सुमारे ५ ते ७ टक्के. उपाशीपोटी ११० असलेली साखर चार तासांनी ८५ च्या आसपास दिसेल, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा माणूस निरोगी ठरेल. म्हणून करडी ट्यूब, तिच्यातलं फ्लोराइड पेशींचं हे खाणं थांबवतं. ते लगेच थांबत नाही, पहिला तास-दोन तास थोडी घट होतेच, हेही शिकवलं जातं. आणि “बर्फात ठेवलंय, काळजी नको” हे तर सगळ्यात फसवं वाक्य. न वेगळं केलेलं रक्त थंडीत ठेवलं की पेशींचा पोटॅशियम आत ठेवणारा पंप मंदावतो, आणि ते बाहेर झिरपतं. बरोबर पद्धत म्हणजे रक्त अर्धा तास गोठू द्यायचं, गावातच सेंट्रीफ्यूजवर फिरवून सिरम, म्हणजे गुठळीवरचं पिवळसर पाणी, वेगळं करायचं, आणि मग पाठवायचं.

फॅट मशीनवरून

क्वालिटी कंट्रोल हा विषय शहरातल्या पोरांना कंटाळवाणा वाटतो. खेड्यातल्या पोरांना मी तो दूध संस्थेवरून शिकवते आणि त्यांना लगेच कळतो. म्हशीचं दूध रोज साडेसहा-सात फॅटचं जातं. एका सकाळी मशीन म्हणतं, साडेपाच. शेतकरी म्हणतो, “म्हस तीच, वैरण तीच, मशीन बघा आधी.” बरोबर आहे त्याचं. मशीन खरं बोलतंय हे कळायचं कसं? ज्याची फॅट आधीच पक्की माहीत आहे असं दूध त्यात घालून.

लॅबमध्ये नेमकं हेच करतात. रोज सकाळी, पेशंटचं एकही सॅम्पल लावण्याआधी, माहीत असलेल्या किमतीचं कंट्रोल सिरम मशीनला देतात. समजा कंट्रोलची साखर १०० आहे आणि मशीनचा नेहमीचा चढउतार, ज्याला एसडी म्हणतात, तो ३ आहे. रोजचा आकडा एका आलेखावर ठिपक्यानं मांडायचा. ९४ ते १०६ मध्ये, म्हणजे दोन एसडीच्या आत आला तर ठीक. १०९ च्या वर किंवा ९१ च्या खाली गेला तर काम बंद, कारण शोधा. हा आलेख लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० साली लॅबमध्ये आणला. त्यावर ठिपके वाचायचे नियम वेस्टगार्ड यांनी १९८१ मध्ये मांडले.

मला त्यातला सगळ्यात आवडता नियम दहा ठिपक्यांचा. दहा दिवस सलग ठिपका १०० च्या वरच पडतोय. १०२, १०१, १०३, १०२… एकही मर्यादेबाहेर नाही, सगळं बरं दिसतं. पण नीट चालणाऱ्या मशीनचे ठिपके कधी वर, कधी खाली पडायला हवेत. सलग दहा एकाच बाजूला म्हणजे मशीन हळूच एका अंगाला झुकलं आहे. दिवा जुना झाला असेल, रिएजंटची, म्हणजे तपासणीच्या रसायनाची, नवी बाटली वेगळी असेल. हा कल दिसला की पेशंटच्या रिपोर्टमध्ये चूक पोचण्याआधीच ती थांबवता येते. चांगल्या लॅबमध्ये हा आलेख भिंतीवर किंवा संगणकावर रोज भरलेला दिसतो. महिन्याच्या शेवटी एकदम बसून भरलेला आलेख शाईवरून आणि ठिपक्यांच्या सरळपणावरून ओळखू येतो, आणि तो बघितला की मला राग येतो.

मुंबईत सापडलेला गट

रक्तकेंद्राची पाळी लागली की पोरं गंभीर होतात, आणि व्हायलाच हवं. इथली चूक माणसाचा जीव घेते. ए, बी, ओ हे गट कार्ल लँडस्टाइनरनं १९०१ साली जगासमोर मांडले. पेशंटच्या तांबड्या पेशी घेऊन त्यावर अँटी-ए आणि अँटी-बी सिरम टाकायचं. कशातच गुठळ्या झाल्या नाहीत की गट ओ. कॅम्पमध्ये काचेवर दोन मिनिटांत जे होतं ते एवढंच.

मग रक्तकेंद्रात उलटी तपासणीही का करायला लावतात? म्हणजे पेशंटचं सिरम घेऊन ते माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकायचं, हा जादा खटाटोप कशासाठी? त्याचं उत्तर महाराष्ट्रातच आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे पेशंट आढळले की त्यांचं रक्त सरळ तपासणीत ओ दिसत होतं, पण त्यांचं सिरम ओ गटाच्या पेशींनाही गुठळ्या करत होतं. ए आणि बी ही चिन्हं एच नावाच्या पायावर उभी असतात. ओ गटाच्या माणसाकडं फक्त तो पाया असतो. या लोकांकडं पायाच नव्हता, त्यामुळं त्यांचं शरीर ओ रक्तालाही परकं मानत होतं. यालाच जगभर बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. अशा माणसाला ओ गटाचं रक्त चढवलं तर ते जिवावर बेततं. त्याला दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त लागतं.

हा गट फार विरळा आहे, पण आपल्या भागातल्या टेक्निशियनला तो विसरून चालत नाही. म्हणून सरळ आणि उलटी अशा दोन्ही तपासण्यांचं उत्तर जुळल्याशिवाय गट लिहायचा नाही, आणि त्यानंतरही देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं रक्त क्रॉस-मॅच केल्याशिवाय, म्हणजे एकत्र करून जुळतं का ते बघितल्याशिवाय, पिशवी द्यायची नाही. शिकाऊ पोरानं “सर, ओ पेशीत पण गुठळी दिसतीया” असं म्हणणं आणि “हात हलला असेल” म्हणून ट्यूब धुवून टाकणं, या दोहोंतला फरक म्हणजे शिक्षण.

बाकीच्या विभागांचं थोडक्यात. हिस्टोपॅथॉलॉजीत ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून, मेणात बसवून, मायक्रोटोमवर तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हात स्थिर असलेल्यांना हे काम आवडतं. मायक्रोबायोलॉजीत जंतू रंगवून बघायचा ग्रॅम स्टेन, जंतू वाढवून बघायचं कल्चर, आणि टीबीसाठी झिल-नील्सन स्टेन. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी काडीसारखे जंतू शोधायचे, आणि ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी तेल लावलेल्या १०० च्या लेन्सखाली निदान शंभर जागा डोळ्यांखालून घालायच्या. साठाव्या जागेला कंटाळा येतो, आणि एखाद्याचा जंतू पंच्याऐंशीव्या जागेला असतो. आता जंतूचा डीएनए पकडणारी मशीनं आली आहेत, तरी ही सवय मी सोडू देत नाही.

माणूस खुर्चीत बसतो तेव्हा

कोल्हापूरचं म्हणून एक उदाहरण सांगते. तालमीतला पैलवान तपासणीला येतो. एसजीओटी नावाचं एन्झाइम वाढलेलं, आणि घरचे घाबरलेले की लिव्हरला काही झालं का. एसजीओटी लिव्हरमध्ये असतं तसं स्नायूंतही असतं. आदल्या दिवशी हजार जोर-बैठका काढलेल्या स्नायूंतून ते रक्तात उतरतं. सीपीके हे स्नायूंतलं एन्झाइम तपासलं तर ते त्याहून जास्त चढलेलं सापडतं. निदान डॉक्टरच करतील. पण रक्त घेताना “काल मेहनत केली होती का?” हे विचारून फॉर्मवर दोन शब्द लिहिणं माझं काम आहे. तेवढ्यानं पुढच्या दहा तपासण्या वाचू शकतात.

असे प्रश्न विचारायला माणसाशी बोलता यावं लागतं. आठ तास उपाशी राहा म्हटल्यावर मावशी चहा धरत नाहीत, कारण चहा म्हणजे खाणं नव्हे. “सकाळपासनं काय काय तोंडात घातलं?” असं विचारलं तर खरं उत्तर येतं. आणि ऐकलेलं, बघितलेलं खिडकीबाहेर जाऊ द्यायचं नाही. शेजारी, सासरचे, मालक कुणीही “तिचा रिपोर्ट जरा बघू” म्हणत येतात. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानं संमती आणि गुप्तता दोन्ही बंधनकारक केल्या आहेत. बाकीच्या रिपोर्टलाही आपण तोच नियम लावायचा.

सुई, पिशव्या आणि लस

आईवडिलांची खरी भीती वेगळी असते, आणि ती ते सहसा उच्चारत नाहीत. पोरगीला काही लागण झाली तर? भीती रास्त आहे आणि तिच्यावर उपाय आहेत. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवायचं नाही, कारण बोटात सुई जाते ती बहुधा त्याच क्षणी. सुई थेट पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. रक्त लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या ट्यूब आणि हातमोजे लालमध्ये, काच निळ्या डब्यात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांची ही वाटणी पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडली पाहिजे. तरीही टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवायची, दाबून रक्त काढत बसायचं नाही, आणि लपवायचं तर मुळीच नाही. एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, सुरू होतील तितकी चांगली. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहिलेली पोरगी मी बघितली आहे. सुदैवानं तिला काही झालं नाही, पण तेव्हापासून माझ्या प्रत्येक बॅचला पहिल्या दिवशी मी माझा नंबर देते आणि सांगते, रात्री तीनला टोचली तर तीनला फोन करायचा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. प्रॅक्टिकलच्या खोलीत जा. मायक्रोस्कोप किती आणि पोरं किती, ते मोजा. एका मायक्रोस्कोपवर दहा पोरं असतील तर स्मिअर बघायला कुणालाच शिकता येणार नाही. इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, तिथं रोज साधारण किती सॅम्पल येतात, आणि पोरांना स्वतः रक्त काढू देतात की फक्त रजिस्टर लिहायला बसवतात, हे मागच्या वर्षीच्या पोरांनाच एकटं गाठून विचारा. ती खरं सांगतात.

आणि ॲडमिशन झालीच, तर पुस्तकं घेण्याआधी पोरीला हिपॅटायटिस बी ची लस सुरू करा. तीन डोस असतात. पहिल्यानंतर एका महिन्यानं दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. ॲडमिशनच्या आठवड्यात पहिला घेतला, तर हातात पहिली खरी सुई येईपर्यंत निदान दोन झालेले असतात.